बातमी खालून कापतात

…नाही, पन मले येक सांगा, येका बातमीत सत्तेचाळीस नावं! सत्तेचाळीस! बरं, मानसं सत्तेचाळीस आली असती तं मी समजू शकलो असतो, मंचावर आली व्हती एकोनतीस, मी मोजली ना, खुर्च्याच तीस व्हत्या अन् येका खुर्चीवर हारांची टोपली ठेवली व्हती… मंग बाकीचे अठरा कोठून आले? ते मनानं हजर व्हते! म्हंजे कसं, कोनाच्या साडूच्या घरी लग्न व्हतं, कोनी सोयाबीन घेऊन मालेगावले गेला व्हता, कोनी तं घरीच झोपला व्हता, पन पेपरात नाव पायजे. अन् नाही आलं तं? नाही आलं तं तुमाले सांगतो, जो आलाच नव्हता त्याचा फोन सगळ्यात पहिले येते!

मी इंद्रभान. रिठदचा. अकरा वर्षं झाली, जिल्ह्याच्या पेपरात ‘क्रीडा व मनोरंजन’ पाहून राह्यलो. तुमी म्हनान, वा, मस्त नोकरी हाय! नोकरी नाही बाप्पा, नोकरी असती तं बसाले खुर्ची असती. मी सुटा वार्ताहर. ओळखपत्र हाय, त्याच्यावर फोटो माहा हाय, सही कोनाचीच नाही. केनवडले कबड्डी झाली, इंद्रभान. मालेगावले आर्केस्ट्रा आला, इंद्रभान. शाळेचं गॅदरिंग, भजन स्पर्धा, रस्सीखेच, पाककृती स्पर्धा… हो, पाककृती बी माह्याकडंच हाय, आता ते क्रीडा हाय का मनोरंजन हाय हे मले अजून समजलं नाही, पन खाऊन पाहावं लागते अन् खाल्ल्यावर बारा बायांपैकी कोनाचंच वाईट लिहिता येत नाही, हे येगळं. तं सांगाचा मुद्दा काय, का फटफटी घेऊन मी उन्हातान्हाचा हिंडतो, अन् कोन्या गावात गेलो तं येक मानूस इचारत नाही का, इंद्रभान, कसं लिहिलं रे? इचारतात काय? “नाव हाय ना?”

आता पेपरचं कसं राह्यते, बातमी आपुन पाठवतो, अन् तिकडं अकोल्याले आमच्या पल्लवी मॅडम बसतात, त्या पान लावतात. लय सज्जन बाई, शांत, कधी आवाज चढवत नाही. फोन येते, “इंद्रभान, छान लिहिलंय हो… पण जाहिरात आली आहे, थोडं कापते हं.” अन् कापतात कोठून? मधातून नाही, वरून नाही. तुमाले सांगतो, बातमी खालूनच कापतात! साऱ्या दुनियेत हाच कायदा हाय म्हनतात. जे खाली लिहिलं ते गेलं.

पहिल्या वर्षी मले हे मालूम नव्हतं ना! मी नवीन, हुशारी केली. कबड्डीच्या सामन्याची बातमी लिहिली, जिंकलं कोन, कोन्या पोट्ट्यानं येकट्यानं चौघं बाद केले, शेवटच्या मिनिटाले काय झालं, सारं रंगवून रंगवून, अन् खाली ‘यावेळी उपस्थित’ म्हनून बावीस नावं. दुसऱ्या दिवशी कोन्या दादाच्या वाढदिवसाची जाहिरात आली, हे येवढी, दादाचा गॉगलच दोन कॉलमचा. बावीसच्या बावीस मानसं गॉगलखाली दबून गेली. त्या गावात मी सहा महिने पाय ठेवू शकलो नाही. मंग मी अक्कल लावली. म्हनलं, खालून कापतात ना? कापा! नावं वरतं घेतो अन् खेळ खाली टाकतो. तवापासून अकरा वर्षं माही बातमी येकाच वाक्यानं सुरू होते, ‘श्री अमुक यांच्या अध्यक्षतेखाली व श्री तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत’, अन् मंग नावं, नावं, नावं, अन् सगळ्यात शेवटी, जागा उरली तं, निकाल. जागा कधी उरली नाही.

अकरा वर्षं! कबड्डी जिंकली कोनं, पेपरले अजून माहीत नाही. भजनात पहिली मंडळी कोनती आली, आर्केस्ट्रात गानं कोनं म्हनलं, काहीच नाही. अन् तक्रार? येक नाही! येक चिठ्ठी नाही का येक फोन नाही! मी इचार केला, हे असं काहून? मंग समजलं. जिंकनाऱ्याले माहीतच राह्यते ना, का आपुन जिंकलो. पन उपस्थित मानसाले कसं मालूम पडन का आपुन उपस्थित व्हतो? पेपरात आल्याबिगर?

तं असं मस्त चालून राह्यलं व्हतं. अन् मंग आला शंकरपट.

शंकरपट म्हंजे बैलजोड्यांची शर्यत हो, हलकी छकडी राह्यते, तिले जोडी जुंपतात, वर हाकनारा येकच, धुरकरी म्हनतात त्याले, अन् झेंडी पडली का सरळ पट्टीवरून जे सुटतात ते आठ-नऊ सेकंदात खेळ खलास. आठ-नऊ सेकंद! अन् त्याच्यासाठी मानूस सकाळपासून धुळीत बसते. आमच्या गावच्या पट समितीचे अध्यक्ष गोविंदसिंगभाऊ. मानूस लय कामाचा. आठ दिवस सोता उभं राहून पट्टी साफ करून घेतली, येक खडा ठेवला नाही, का बैलाच्या खुराले लागू नये म्हनून. अन् मंच बी बांधला, हे लांब, का मानसाच्या मानाले लागू नये म्हनून.

आता गावात रामकिसनकाकाची येक जोडी हाय, सोन्या अन् पाखऱ्या. जोडी हाकते त्याईचा पोरगा, हरीओम. पन पटाच्या दोन दिवस आधी हरीओमनं ट्रॉलीवरून उडी मारली अन् पाय असा सुजला, असा सुजला, का चप्पल जाईना. रामकिसनकाका म्हने, “नाव काढून टाका आपलं. आता कोन हाकते?” तं घरातून त्याईची सून निंगाली, योगिनी. केनवडची पोरगी, लग्नाले तीन वर्षं झाली असतीन. म्हने, “मी हाकतो.” रामकिसनकाका पाहतच राह्यले. “बाईमानूस? छकडीवर? मानसं काय म्हनतीन?” अन् तिथं मंधात कोन बोललं असन? सासू! गोजराबाई! जिचं भ्याव लागते साऱ्या गल्लीले! गोजराबाई म्हने, “मानसाचं कायले इचारता? बैल कोनाचं आयकतात थे बैलाले इचारा. रोज पान्यावर कोन नेते त्याईले? तुमी नेता?” अन् जोडीचं नाव राह्यलं.

अन् पटाच्या दिवशी, तुमाले सांगतो, काय ते पाह्यलं मी! लुगड्याचा काष्टा खोचलेला, डोक्याले पदर घट्ट गुंडाळलेला, छकडीवर उभी बी नाही अन् बसेल बी नाही, मधातच… अन् कासरा हातात असा ढिला, चाबूक नाहीच, झेंडी पडली अन् तिनं निसतं “चाला रे” म्हनलं. ओरडली नाही. घरी गोठ्यातून काढताना म्हनते तसंच. अन् सोन्या-पाखऱ्या जे सुटले, धूळ वरतं अन् हे खालतं, माह्या बाजूच्या मानसानं तोंडात टाकाले घेतलेली सुपारी तशीच हातात राह्यली, मी बी पेन धरून उभाच, अन् झालं! घड्याळ म्हने आठ सेकंद अन् वरतं थोडेसे. दिवसभरात त्याच्या खाली कोनीच आलं नाही. पहिली!

मंग लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, “पहिला नंबर, रामकिसनभाऊची जोडीऽऽ!” बक्षीस काय, तं शिल्ड अन् कूलर. जानेवारीत कूलर! शिल्ड घ्याले रामकिसनकाका गेले, कूलर घ्याले हरीओम गेला काठी टेकत, फोटो निघाला. फोटोत मी मोजले, सतरा जन. बैल नाहीत अन् योगिनी बी नाही. कारन पळेल बैल येकदम उभे करता येत नाहीत ना, ती त्याईले तिकडं फिरवून राह्यली व्हती!

मी फटफटीले किक मारत व्हतो तं आली. घामानं तोंड सारं धुळीचं. म्हने, “भाऊ, तुमी पेपरवाले ना? माहं नाव येईन का?” म्हनलं, येईन ना, ‘रामकिसन यांची जोडी प्रथम’. म्हने, “तसं नाही. हरीओमची बायको नाही, रामकिसनची सून नाही. योगिनी. माह्या मायले केनवडले फोन करून सांगतलं मी, का मी पहिली आली. तं माय म्हने, बाई, खोटं कायले बोलून राह्यली? पेपरात येईन तवा मानीन. माय चौथी शिकेल हाय, रोज पेपर वाचते. तेवढं येक नाव टाका ना भाऊ.”

आता सांगा! अकरा वर्षांत हजार मानसांनी मले नाव मांगलं असन. पन ज्यानं खरंच काही केलं हाय असं मानूस नाव मांगाले पहिल्यांदा आलं. माहा जीवच येवढासा झाला. म्हनलं, टाकतो बाई. शब्द देतो.

शब्द तं देला, पन नियम? बातमी खालूनच कापतात! सत्तेचाळीस नावं वरतं घेतली तं योगिनी गेली. योगिनी वरतं घेतली तं सत्तेचाळीस गेले. मी घरी येऊन वही उघडून बसलो, अन् नेमकं त्याच टायमाले पल्लवी मॅडमनं आमच्या ग्रुपवर येक कात्रन टाकलं. कोकनातल्या कोन्या पेपरचं. खाली लिहिलं, “सर्वांनी वाचा. पहिल्याच वाक्यात निकाल. क्रीडा बातमी अशी असते.” वाचलं मी. होड्यांची शर्यत व्हती खाडीत. पहिल्याच वाक्यात जिंकलेली होडी, दुसऱ्यात वल्हवनारे, तिसऱ्यात वारा कसा व्हता… वारा! वाऱ्याले जागा देली त्याईनं! अन् उपस्थित? येक बी नाही! मी दोन वेळा शोधले. म्हनलं, हे कसं जमलं या मानसाले? मंग डोक्यात उजेड पडला. तिकडं समुद्र हाय, काठाले वाळू हाय, वाळूत मंच उभा राहत नसन. अन् खुर्च्या टाकल्या तं भरती आल्यावर अध्यक्षासकट मांघं घ्याव्या लागत असतीन. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, हेच सारं चुकलं पाहा!

पन म्हनलं, आज इंद्रभान कोकनातल्यासारखं लिहिते. अन् लिहिलं! ‘शंकरपटात योगिनीची बाजी.’ पहिल्या वाक्यात योगिनी. दुसऱ्यात ते ‘चाला रे’. तिसऱ्यात सोन्या-पाखऱ्या. वारा नव्हता, तं धूळ टाकली. खाली सत्तेचाळीस नावं लिहिली, येक बी सोडलं नाही, म्हनलं देवाची मर्जी असन तं येतीन. मोबाईलमध्ये बैल फिरवतानाचा तिचा येक फोटो व्हता, तो बी लावला. दहा मिन्टात मॅडमचा फोन. “इंद्रभान! अकरा वर्षांत मला पहिल्यांदा कळलं, की जिंकलं कोण!”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. फोटो आला. बातमी आली. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं, धूळसुद्धा आली! अन् बाजूले कोन्या कोचिंग क्लासची जाहिरात, त्याच्यात पास झालेल्या पोट्ट्यांचे चाळीस फोटो. माहे सत्तेचाळीस गेले. सारेच गेले. मॅडमनं घाईत असं कापलं का बातमीच्या शेवटी निसतं ‘यावेळी’ राह्यलं. ‘यावेळी’, अन् पूर्णविराम. यावेळी काय? काहीच नाही! बातमी खालून कापतात हे मले माहीत व्हतं, पन इतकी जड जाईन हे नव्हतं माहीत.

पहिला फोन सात वाजता. “मी किशन बोलून राह्यलो. मले येकच सांग, मी पटाले व्हतो का नाही?” म्हनलं, “किशनभाऊ, तुमी तं साडूच्या इथं लग्नाले गेलते ना?” “तं मंग? लग्नात बी मी दिवसभर पटाचीच गोष्ट करून राह्यलो व्हतो!” मंग दुसरा फोन, “माहा फेटा दिसला नाही का तुले? येवढा भगवा फेटा?” तिसरा, “मी हार कोनाले घातला मंग? हवेले?” अन् मंग गोविंदसिंगभाऊ. ते चिडले नाहीत. चिडले असते तं बरं झालं असतं. शांतपने म्हने, “इंद्रभान, आपल्या गावात पट झाला का नाही झाला?” म्हनलं, झाला ना भाऊ. म्हने, “मले वाटलं नाही झाला. पेपरात तं येक बाई हाय अन् दोन बैल. आठ दिवस येकेक खडा येचला तो कोनं येचला? बैलानं?” अन् खरं सांगतो, तुमच्यापासून कायले लपवू, त्याईचं बी चूक नव्हतं. खडे त्याईनंच येचले व्हते. पन खडे येचनारे सात अन् नावं सत्तेचाळीस, हे कोनाले सांगता?

कोनी भांडलं नाही, कोनी शिवी देली नाही. आमचं गाव तसं नाही. राजूच्या हॉटेलात गेलो. अकरा वर्षं झाली, मी बाकावर टेकलो का राजू न इचारता चहा आनून ठेवते. त्या दिवशी राजू आला, फडकं खांद्यावर, अन् म्हने, “काय पायजे?” काय पायजे! मले! मी म्हनलं, चहा. म्हने, “दूध नासलं.” अन् बाजूच्या टेबलावर किशनभाऊ फुर्र फुर्र करून चहा पीत व्हता. बाकावर माह्या बाजूले कोनी बसेना. म्हंजे मी तिथं व्हतो, पन हजर नव्हतो… तवा समजलं मले, का यादीत नाव नसलं तं कसं वाटते.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली. कोनी म्हने, शुद्धिपत्रक छापा. मी मॅडमले फोन लावला, त्या म्हने, “चूक झाली तर शुद्धिपत्रक असतं, इंद्रभान. यात चूक काय आहे?” कोनी म्हने, पट पुन्हा घ्या. तं रामकिसनकाका म्हने, “बैल काय तुमच्या पेपराचे नोकर हायेत का?” अन् गोविंदसिंगभाऊनं तंबाखू मळली, चिमूट सोडली, अन् म्हने, “सत्कार करू. योगिनीचा.” म्हनलं, काय? म्हने, “पोरीनं गावचं नाव काढलं. सत्कार व्हाले पायजे. अन् सत्कार म्हनलं का मंच आला, मंच आला का पाहुने आले, पाहुने आले का बातमी आली. अन् या खेपेले तू लिहितं तसंच लिही. पहिल्यासारखं.” काय डोकं! हा मानूस गावात कायले पडून हाय, मले समजत नाही!

सत्कार झाला बाप्पा. मंडप, बॅनर, हार. बॅनरवर अठ्ठावीस फोटो, योगिनीचा खालच्या कोपऱ्यात, तिथं नेमकी दोरी बांधेल. मंचावर या खेपेले खुर्च्या वाढवल्या. गोजराबाईले बी मंचावर बसवलं, कारन मंचावर येक तरी बाई दिसाले पायजे असं कोनीतरी म्हनलं, अन् योगिनी ‘सत्कारमूर्ती’ म्हनून बाजूच्या स्टुलावर. भाषनं सुरू झाली. बाईची शक्ती, बाईची जिद्द, बाई म्हंजे काय अन् बाई म्हंजे काय नाही… पहिल्यानं अर्धा तास घेतला, दुसऱ्यानं पाऊन, किशनभाऊनं तं आपल्या साडूच्या पोरीचं लग्न कसं झालं हे बी सांगून टाकलं. योगिनी दोन घंटे स्टुलावर. अन् चार वाजले. ती हळूच उठली, गोविंदसिंगभाऊच्या खुर्चीजवळ गेली, म्हने, “काका, बैलाच्या पान्याची येळ झाली,” अन् गेली! निंगून गेली! शाल तशीच ताटात! आता काय? मंग ती शाल तिच्या वतीनं गोजराबाईले घातली. अन् तुमाले सांगतो, गोजराबाई रडली. साऱ्या गल्लीले जिचं भ्याव, ती बाई मंचावर शाल पांघरून पोरीसारखी रडली. टाळ्या अशा पडल्या का पटात पडल्या नाहीत.

बातमी लिहाले गोविंदसिंगभाऊ माह्या बाजूलेच बसले. येकेक नाव बोटानं मोजून घेतलं. एकसष्ट! वरतं एकसष्ट, खाली ‘योगिनी हिचा सत्कार करण्यात आला’. पाठवली. आता मॅडमनं कोठून कापली असन? सांगा, सांगा! …हो. बातमी खालूनच कापतात. पेपरात छापून आलं, एकसष्ट नावं अन् शेवटी ‘यांची प्रमुख उपस्थिती होती.’ बस. कोनाचा सत्कार? नाही. कायले सत्कार? नाही. सत्कार हा शब्दच नाही! वाचनाऱ्याले काय समजलं असन? एकसष्ट मानसं येका जागी जमली, बसली, अन् उठून गेली.

पन गाव खूश! येक फोन नाही! राजूनं न इचारता चहा आनून ठेवला, वरतून मलई टाकून. किशनभाऊ माह्याच बाकावर येऊन बसला, पेपर उघडून, बोटानं आपलं नाव दाखवत. अन् मले तो चहा गोड लागेना. म्हनलं, ज्या पोरीच्या नावानं हे सारं झालं तिले जाऊन माफी तरी मांगावी.

गेलो. ती गोठ्यात, शेन काढत व्हती. म्हनलं, “योगिनी, माफ कर बाई. सत्कार तुहा अन् नावच नाही तुहं.” तं हासली. म्हने, “राहू द्या भाऊ. पहिलं आलं व्हतं ना.” म्हनलं, “हो, ते तं हाय. मायनं पाह्यलं ना? आता तरी मानलं का?” तं ती खराटा टेकून उभी राह्यली. म्हने, “पाह्यलं ना. दोन दोन वेळा वाचलं. अन् म्हने, बाई, नाव तं तुहं हाय, पन येवढ्या पटाले कोन कोन आलं व्हतं? कोनीच नाही? अध्यक्ष नाही, पाहुने नाहीत, म्हंजे पट बारकाच असन. घरच्या घरी पळवले असतीन बैल.” मी म्हनलं, “अन् दुसरी बातमी?” म्हने, “ती बी पाह्यली. त्याच्यात माह्या सासूचं नाव हाय, बावन्नावं. मायनं सारी गल्ली गोळा केली अन् म्हने, पाहा, माह्या पोरीची सासू काय मोठी बाई हाय!”

सोन्या रवंथ करत माह्याकडं पाहत व्हता.

आता परवा केनवडले पट झाला. तिच्या माहेरी! म्हनलं, आज पाहा, आज तं तिची माय सोता डोळ्यानं पाहीन, पेपर गेला चुलीत! तं काय, योगिनी मंचाजवळ उभी, इस्तरीचं लुगडं, डोक्याले गजरा. म्हनलं, “जोडी?” म्हने, “जोडी हरीओम हाकते. पाय बरा झाला त्याचा.” “अन् तू?” म्हने, “मी हाय ना, उपस्थित. अध्यक्षाले सांगतलं म्या, माहेरवाशीन म्हनून खुर्ची द्या. देली त्याईनं. दुसऱ्या लाइनीत.” खरं सांगतो, मले लय वाईट वाटलं. म्हनलं, “अवं योगिनी, तू हाकली असती तं पहिली आली असती!” ती शांतपने म्हने, “आली असती. पन मायले पटलं नसतं ना भाऊ.” अन् गेली, खुर्चीवर बसली, पदर सारखा केला, अन् तिथून मले हातानं खुनावून म्हने, लिहा.

लिहिलं. काढली वही, अन् सगळ्यात वरतं, अध्यक्षाच्याही वरतं, ‘योगिनी’ लिहिलं, म्हनलं आता कापा कोठून कापाचं ते! मंग बाकीचे आले, भाऊ माहं नाव, भाऊ माह्या भावाचं नाव, भाऊ तो आला नाही पन लिहा… मान वरतं करायची सोय नाही. तिकडं झेंडी पडत व्हती, धूळ उडत व्हती, मानसं ओरडत व्हती. येकदा तं लय मोठा ओरडा झाला, अख्खं मैदान उभं राह्यलं.

पहिला कोन आला म्हनता? आता ते मले नका इचारू बाप्पा, मी नावं लिहून राह्यलो व्हतो.